मिस्टर लोमॅक्सचं शेवटचं वाक्य

मिस्टर लोमॅक्स कुठल्याही नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत बोलत नसत. बाकी सगळं नाटक म्हणायचे. विराम घ्यायचे, हसायचे, संहितेत खोकला असेल तर तोही काढायचे. मात्र शेवटून एक वाक्य अलीकडे आले की थांबायचे, उजवा हात किंचित वर करायचे आणि म्हणायचे, "आणि मग उरलेलं." की लगेच कोट घालायला लागायचे.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा विसरला. मी त्यांची प्रॉम्प्टर होते. मोठ्या तत्परतेने मी पुढचं वाक्य सांगायला गेले, तर संहितेच्या शेवटच्या पानावर त्या जागी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली.

"ते तुमचं काम नाही, मिस गायधनी," ते कोटाचं बटण लावत म्हणाले. "ते त्या दिवशीचं माझं आणि प्रेक्षकांचं काम आहे. समोर कुणी नसताना शेवटचं वाक्य बोललं की नाटक तिथेच पूर्ण होतं. मग प्रयोगात करायला काय उरलं?"

इंग्लंडातल्या जुन्या नटांची ही रीत होती म्हणे. आपल्याकडे नारळ वाढवल्याशिवाय पडदा वर जात नाही, तसंच काहीसं. मी तेव्हा फूड सायन्समध्ये पीएच.डी. करत होते आणि असल्या समजुती आपण नाशिकलाच ठेवून आलो अशी माझी खात्री होती. मी मनातल्या मनात हसले.

ही गोष्ट १९८४-८५ची, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावातली. गाव म्हणजे विद्यापीठच. हिंगाची डबी आणायची झाली तरी कुणाची तरी गाडी शहराकडे कधी जाते याची वाट बघावी लागे. त्या वर्षी नाट्यविभागाने लंडनच्या एका वयस्कर नटाला पाहुणे कलावंत म्हणून बोलावलं होतं. कँपस बसच्या थांब्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी लावलेली होती: 'पाठांतर ऐकण्यासाठी माणूस हवा. अभिनयाची आवड नसल्यास उत्तम.' मला अभिनयाची आवड नव्हती, कारण अभिनय येत नव्हता. पण नाशिकच्या कॉलेजात तीन वर्षं मी एकांकिकांना प्रॉम्प्टिंग केलं होतं. माझी कुजबुज आठव्या रांगेपर्यंत पोचायची आणि नट तोंड उघडायच्या आत मी पुढचं वाक्य देऊन मोकळी व्हायचे. समोरच्याचं बोलणं आपणच पूर्ण करून टाकायची मला लहानपणापासून खोड. त्यावर आई म्हणायची, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." हे सगळं मी मिस्टर लोमॅक्सना सांगितलं नाही. अनुभव आहे, एवढंच सांगितलं.

सहा फूट उंच, अंगावर उन्हाळ्यातही कोट, आणि आवाज असा की बोलायला लागले की खोलीतला फ्रिज बंद करावासा वाटावा. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याबद्दल काही विचारलं नाही. फक्त माझं आडनाव दहा-बारा वेळा माझ्याकडून म्हणवून घेतलं आणि मग स्वतः म्हटलं. 'धनी'तला 'ध' जमेपर्यंत ते थांबले नाहीत. अमेरिकेत आल्यापासून मी 'गे-डॅनी' होते. "नाव चुकवणारा नट वाक्यही चुकवतो," ते म्हणाले. मग गाव विचारलं. मी नाशिक म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे देवळालीच्या शेजारी."

महायुद्धात ते दीड वर्ष देवळालीच्या छावणीत होते. सैनिकांच्या करमणुकीसाठी नाटकं बसवायचं काम त्यांच्याकडे होतं. बायका नव्हत्या, म्हणून नायिका तेच. "नाशिकच्या बाजारातून मी एक हिरवी साडी घेतली होती," ते गंभीरपणे म्हणाले. "दुकानदाराने विचारलं, बायकोसाठी का? मी म्हटलं, नाही, शनिवारसाठी." हे त्यांनी मला पुढे निदान पाच वेळा सांगितलं. पहिल्या तीन वेळा ते म्हाताऱ्या माणसाचं सांगणं होतं. नंतरचं तसं नव्हतं, पण ते मला उशिरा कळलं.

बाकीचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, कारण त्यांचं नाटक त्याबद्दलच होतं. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीला ते एकपात्री प्रयोग करणार होते. स्वतः लिहिलेला, स्वतःच्या आयुष्यावरचा, पावणेदोन तासांचा. उत्तर इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या गावात वडिलांचं औषधांचं दुकान. सतराव्या वर्षी हे एका फिरत्या कंपनीबरोबर पळाले. पहिली दोन वर्षं सामान उचललं, आणि मग एक वाक्य मिळालं: "घोडा दारात उभा आहे, सरकार." मग अशी कंपनी की जिथे दर सोमवारी नवं नाटक. संध्याकाळी चालू आठवड्याचं करायचं, सकाळी पुढच्या आठवड्याचं पाठ करायचं आणि मागच्या आठवड्याचं विसरायचं. "विसरणं हाही कौशल्याचा भाग होता, मिस गायधनी. ते न जमणारे लोक शुक्रवारी चुकीच्या माणसाचा खून करायचे."

युद्धानंतर लंडनची रंगभूमी आली, पण मुख्य भूमिका कधी आली नाही. ते नायकाचे मित्र झाले, पुढे नायकाचे काका झाले. सिनेमात ते बिशप, इन्स्पेक्टर किंवा प्रेत असायचे, आणि बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच मरायचे. याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "लवकर मेलं की दुपारची गाडी मिळते," एवढंच म्हणायचे.

अमेरिकेत मात्र ते एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. इथल्या टीव्हीवर रविवारी ब्रिटिश मालिका लागायच्या आणि त्यातल्या एकीत ते बटलर होते. एकदा सुपरमार्केटमध्ये एका बाईने त्यांना अडवलं. "तुम्ही तेच ना? बटलर?" पन्नास वर्षं रंगभूमीवर काढलेल्या माणसाला हे टोचेल असं मला वाटलं. त्यांनी नुसती मान झुकवली, तिच्या हातातल्या दोन्ही पिशव्या घेतल्या, गाडीपर्यंत नेल्या, दार उघडून धरलं आणि म्हणाले, "आणखी काही आज्ञा, मॅडम?" बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येताना मला म्हणाले, "ती रविवारभर वाट बघते. तिला अर्ध्यावर का सोडायचं?"

आमचं काम सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी दुपारी चालायचं. पहिल्याच आठवड्यात माझी चांगली खरडपट्टी निघाली. ते जरा थांबले की मी वाक्य द्यायचे. चौथ्या वेळी त्यांनी खुर्चीत बसून मला विचारलं, "तुम्हाला बस पकडायची आहे का?"

"नाही. पण तुम्ही थांबलात."

"मी थांबलो होतो. अडलो नव्हतो. विराम आणि विसर यांतला फरक ओळखता आला की प्रॉम्प्टरचं शिक्षण संपलं. बाकी नुसतं वाचन आहे."

तो फरक मी शिकले. अडले की त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर हळूहळू घासायला लागायचा, चिमटीत तंबाखू मळावा तसा. विराम असला की हात स्थिर. हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. अंगठा हलला की मी एकच शब्द द्यायचे, आणि तोही त्यांच्या श्वासाखालून. तीन वर्षं आठव्या रांगेपर्यंत ऐकू जाणारी मी हे शिकले, याचा मला अजून अभिमान आहे.

त्यांची पाठ करायची पद्धतही मला तोवर कळली होती. ते वाक्य लक्षात ठेवत नसत, जागा लक्षात ठेवत. खुर्चीच्या पाठीला हात लागला की वडिलांचं दुकान. ट्रंकेचं झाकण उघडलं की फिरती कंपनी. खिडकीशी देवळाली. चहाची किटली उचलली की बायकोचं आजारपण, आणि ती खाली ठेवली की तिचं जाणं. प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या वस्तूला बांधलेलं. तालमीच्या खोलीत कुणी खुर्ची वीतभर सरकवली तरी ते आधी ती जागेवर ठेवायचे आणि मगच तोंड उघडायचे.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर अंगठा जास्त हलू लागला. पुढे एक दिवस त्यांच्या अपार्टमेंटवर गेले तर चहाच्या डब्यावर चिठ्ठी होती: 'चहा प्यायला आहेस.' दाराच्या आतल्या बाजूला दुसरी: 'किल्ली. टोपी. सोम, बुध, शुक्र असेल तर मिस गायधनी.' मी वाचलं हे त्यांनी पाहिलं. त्यांनी चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला आणि हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "माझ्या डोक्यातलं सामान कुणीतरी हलवतंय, मिस गायधनी. रोज एखादी वस्तू."

मुलीला, हेलनला, थोडं ठाऊक होतं. तिने त्यांना मेमध्ये इंग्लंडला परत यायचं कबूल करायला लावलं होतं. तिथल्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. इथे विभागात कुणालाच नव्हतं. "मी जाणार आहे," ते म्हणाले. "वाद घालत नाही. पण हा एक प्रयोग मला शेवटपर्यंत करायचाय. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, कुणाला न कळता. त्यानंतर डोक्यातलं सगळं सामान कुणी नेलं तरी हरकत नाही." मग मला म्हणाले, "तुम्ही सांगणार नाही." हा प्रश्न नव्हता.

माझी रूममेट रेवती नागपूरची. तिला मी फक्त एवढंच म्हटलं की आता रोज जावं लागेल. "अगं, तू त्याची प्रॉम्प्टर आहेस की सून?" ती म्हणाली. "तुझी लॅब बघ यार. गाइडने काल दोनदा तुला विचारलं. मी सांगितलं, ड्रामा करतेय." मी लॅब सकाळी सातला सुरू केली आणि दुपारी मोकळी होऊ लागले. खरं सांगायचं तर मला त्यांचा लळा लागला होता. परक्या देशात माझं नाव नीट घेणारा तो एकच माणूस होता.

चार महिने आम्ही ते नाटक रोज केलं. मी संहिता न बघता ते म्हणू शकत होते, शेवटचं वाक्य सोडून. एकदा मी धीर करून म्हटलं, "मिस्टर लोमॅक्स, निदान ते वाक्य मला तरी असू द्या. वेळ आली तर?"

"नाही."

"पण तालमीत कधी म्हटलंच नाही तर ते कुठल्या जागेला बांधलेलं असणार?"

"प्रेक्षकांना," ते म्हणाले.

प्रयोग एप्रिलमधल्या रविवारी दुपारी तीन वाजता होता. विभागाचं लहानसं जुनं थिएटर, दीडशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. पुढच्या रांगेत विभागप्रमुख बाई, दोन-तीन प्राध्यापक आणि गावच्या वर्तमानपत्राचा माणूस. मी उजव्या विंगेत स्टुलावर बसले होते. माझ्या शेजारी दिव्यांच्या बोर्डापाशी डग नावाचा पदवीचा विद्यार्थी होता. सकाळी मी फूटपट्टी घेऊन स्टेजवरची खुर्ची, ट्रंक आणि टेबल मोजून जागेवर ठेवली होती.

पावणेदोन तासांत अंगठा दोनदाच हलला. पहिल्यांदा मी 'साडी' म्हटलं, दुसऱ्यांदा 'पाऊस'. डगलासुद्धा ऐकू गेलं नाही. किटली त्यांनी इतकी अलगद, आवाज न करता खाली ठेवली की थिएटरात कुणी हललं नाही. मग ते टेबल सोडून पुढे आले, स्टेजच्या अगदी कडेला. तिथे ते तालमीत कधी उभे राहिले नव्हते. दीडशे माणसांकडे पाहत ते थांबले.

मी मनात आकडे मोजायला लागले. पाच. आठ. मग त्यांचा अंगठा हलायला लागला.

मी पान उलटलं. पट्टी नखाने खरवडली. पक्क्या डिंकाने चिकटवलेली. कागदाचा भुगा निघाला, अक्षर दिसलं नाही. पंधरा. कुणीतरी खोकलं. विभागप्रमुख बाई शेजारच्याच्या कानाशी झुकल्या. अठरा. अंगठा जोराने घासत होता. चार महिने लपवलेलं आता सगळ्यांसमोर उघडं पडणार, आणि तेही अगदी दारात येऊन, असं मला वाटलं, आणि मला ते बघवेना. मी डगच्या दंडाला हात लावला आणि तळवा हळूहळू खाली आणला. त्याने दिवे तसेच हळूहळू उतरवले. अंधार झाला. क्षणभर काहीच नाही, आणि मग टाळ्या. लोक उभे राहिले. दिवे परत लावले तेव्हा मिस्टर लोमॅक्स तिथेच उभे होते. त्यांनी नमस्कार केला, रीतसर, तीन वेळा.

मेकअप रूममध्ये ते आरशासमोर तोंडाला क्रीम लावत होते. मी दारात उभी राहिले. मला वाटत होतं, ते आभार मानतील.

"मी विराम घेतला होता, मिस गायधनी."

"तुमचा अंगठा हलत होता."

हे ऐकून त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "असेल," ते म्हणाले. "पण मी येत होतो. वाटेत होतो."

मी माफी मागितली. सगळ्यांना कळलं असतं, असंही म्हटलं. त्यांनी कापसाने कपाळ पुसलं. आवाज चढला नाही. "तुम्ही मला वाचवलंत. त्यासाठी मी तुम्हाला नेमलं नव्हतं."

बुधवारच्या वर्तमानपत्राने लिहिलं की प्रयोगाचा निःशब्द शेवट धाडसी होता. ते कात्रण कुणीतरी विभागाच्या फळ्यावर लावलं. मिस्टर लोमॅक्सनी ते जाता-येता वाचलं. कुणालाही काही कळलं नव्हतं. त्यांना हवं होतं त्यातलं अर्धं झालं होतं, आणि उरलेलं अर्धं मी पुसून टाकलं होतं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागत राहिले, चहा देत राहिले, आणि देवळालीच्या साडीची गोष्ट सांगत राहिले.

मेच्या मध्यावर ते गेले. हेलन न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्यांना भेटणार होती. गावातून तिथवर बस. सकाळची वेळ होती. मी त्यांच्या बॅगा ड्रायव्हरकडे दिल्या, त्याला कुठे उतरवायचं ते दोनदा सांगितलं. मिस्टर लोमॅक्स पायरीवर चढले आणि माझ्याकडे वळून उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलले, शब्द आला नाही. अंगठा तर्जनीवर घासायला लागला.

माझं नाव. त्यांना माझं नाव सापडत नाहीये, असं मला वाटलं. ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं. 'गाय' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी ओठ दाबून धरले. ड्रायव्हर म्हणाला, "सर, निघायचंय." मागच्या खिडकीतून दोन माणसं वाकून बघायला लागली. मी आकडे मोजले नाहीत. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग त्यांचा हात स्थिर झाला.

"तुम्ही थांबलात," ते म्हणाले. "आभारी आहे."

शब्द अगदी स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत जातील असे. मग ते आत गेले. मला वाटलं, इंग्लिश माणसाची रीत. निरोपाला आलेल्या बाईचे आभार मानले. नाव आठवलं नाही याचं वाईट वाटत मी चालत लॅबला गेले.

अडीच वर्षांनी, मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला नोकरीला लागले होते तेव्हा, हेलनचं पाकीट आलं. पत्ता शोधत शोधत आलेलं. वडील ऑक्टोबरमध्ये गेले होते. शेवटी शेवटी ते तिलाही ओळखत नव्हते, पण कुणी खोलीतली खुर्ची हलवली तर उठून जागेवर ठेवायचे. त्यांच्या सामानात ही संहिता होती आणि वर लिहिलं होतं, 'मिस गायधनी यांना'. स्पेलिंग बरोबर होतं.

शेवटच्या पानावर माझ्या नखाचे ओरखडे तसेच होते. मी चहाचं आधण ठेवलं आणि ते पान वाफेवर धरलं. त्या दिवशी नखाने न निघालेली पट्टी अलगद सुटून आली. खाली त्यांच्या टाइपरायटरवर एकच ओळ होती.

'तुम्ही थांबलात. आभारी आहे.'

त्या रविवारी तो विराम होता की विसर, हे मला आजही सांगता येत नाही. एवढं मात्र कळलं की प्रयोग पूर्ण झाला होता. बस स्टँडवर, सकाळी, एक ड्रायव्हर आणि दोन प्रवासी यांच्यादेखत. टाळ्या तेवढ्या वाजवायच्या राहून गेल्या होत्या.